बादलीमास्तर

बादलीमास्तरांना माणसाचा गळा मुळात पसंतच नव्हता. "देवाने तो घाईत उरकलाय," असं म्हणून ते उरलेलं काम स्वतःकडे घेत. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी गायचे आणि मास्तर साउंड सांभाळायचे. दिवसा रंगाच्या कारखान्यात वायरमन. बाकी सगळा वेळ विद्वान.

घरी त्यांनी पत्र्याच्या कपाटात सिंथेसायझर बनवला होता. या खान्यातली वायर त्या खान्यात खोचली की आवाज बदले. म्हणजे भुंग्याचा होई, नाहीतर कुकरचा. तिसरा मी कधी ऐकला नाही. त्यातला इकोचा खाना मात्र वेगळ्या पेटीत घालून ते कार्यक्रमांना मिरवत आणत.

"आत बादल्यांची रांग आहे," ते भेटेल त्याला समजावत. "नळावरून हातोहात पाणी देतात ना, तसा आवाज एकीतून दुसरीत ओतायचा. शेवटच्या बादलीपर्यंत जो उशीर होतो, तोच इको."

"आणि वाटेत सांडतं ते?" मी विचारलं.

"सांडतं म्हणून तर गोड लागतं. तुला नाही कळायचं."

नाव त्याच दिवशी पडलं.

लोकांना ताटकळत ठेवणं हा ते आपला हक्क समजत. "पेटी गरम होऊ दे." मांडवात शिट्ट्या वाजत, आणि हे पेटीवर बायकोची शाल पांघरून शांत. खोपटला गणपतीत मूल हरवल्याची घोषणाही त्यांनी इकोतून केली. "हरवलंय... वलंय... लंय..." मांडव खो खो हसला, स्टेजखाली ती आई रडत उभी. मूल सापडल्यावर मास्तर म्हणाले, "इको नसता तर कोणी लक्ष दिलं असतं?"

कल्याणच्या कार्यक्रमाला कॅसेट कंपनीचा माणूस मला ऐकायला आला होता. नेमका त्याच दिवशी मास्तरांना प्रयोग सुचला. ऐन आलापात त्यांनी कुठलंसं बटण पिळलं. माझाच आवाज फिरून फिरून पेटीत शिरला आणि भोंग्यासारखा केकाटत बाहेर आला. तो माणूस मध्येच उठून गेला.

"मास्तर, वाटोळं केलंत माझं!"

"वाटोळं? अगं, आज पहिल्यांदा तू लक्षात राहण्यासारखी गायलीस."

पुढे इकोचं डब्याएवढं डिजिटल यंत्र आलं. मास्तरांना काढायचं का, असं ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सगळ्यांना विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर झाला. मास्तरांनी एकेक वायर नीट गुंडाळली. जाताना म्हणाले, "हा डबा जसं गाल तसंच परत देतो. सांभाळा."

पहिल्याच कार्यक्रमात ते कळलं. माझा प्रत्येक उतरलेला स्वर जसाच्या तसा, तीन-तीनदा माझ्या कानावर आला. इतकी वर्षं त्या खरखरत्या पेटीने माझा कणसूरपणा झाकला होता, आणि मास्तरांनी ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. एरवी कुठला अपमान त्यांनी शिल्लक ठेवला होता?

मी तिशीत सा लावायला शिकले. दोनेक वर्षांनी टिटवाळ्याला त्यांच्या घरी गेले. मास्तर एकटेच होते, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होते.

"आता रोज रियाज करते," मी बाहेरच्या खोलीतून सांगितलं.

"चांगलंय. ऐकवू मात्र नकोस."

आत स्टोव्ह भरभरत होता. मग तो विझवल्याचा फुस्स आवाज आला.

"हं," आतून मास्तर म्हणाले, "गा."