गोगलगायीचा मोती

आज प्रयोगशाळेत बाईंनी बशीतला फिकट गुलाबी दाणा दाखवला. समुद्रातल्या गोगलगायीही मोती करतात, म्हणाल्या. आत काही टोचलं की त्यावर थर चढवत राहतात. घरी शंखातल्या गोगलगायींचं कालवण खाताना असे दाणे दाताखाली आले की आम्ही खडे समजून थुंकायचो. वर्गात हे सांगायचा धीर झाला नाही. होस्टेलवर येऊन आईला फोन केला.

"मोती? मगे दात कित्याक दुखायचे गो?" ती हसली. मीही हसले.

गोगलगायीला तरी कुणाला सांगता येत असेल? म्हणूनच बहुधा ती थर चढवत असावी.

"थंय तुका गमता मा?" आईनं विचारलं.

"गमता, बरा करमता," मी म्हणाले, जमेल तितक्या गुळगुळीत आवाजात.