अन्सारनं प्लग काढला

बाभुळगावात मोटर रिवाइंडिंगची दुकानं बरीच आहेत. पण भर दुपारी मालक गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही न बघता मोबाइलवर गेम खेळत बसलेला दिसेल असं दुकान एकच, अन्सारचं. वय पन्नाशीच्या पुढे, दाढी पांढरी, चष्मा नाकाच्या टोकाशी आलेला, आणि दोन्ही अंगठे काचेवर भिरभिरत असतात. समोर एखाद्या शेतकऱ्याची जळालेली मोटर उघडी पडलेली. लोक हसतात, म्हणतात म्हाताऱ्याला चळ लागला. ज्यांना सगळं ठाऊक आहे तेही हसतात, आणि अशांच्या थोबाडीत द्यावी असं मला फार वाटतं. मी शाळामास्तर आहे म्हणून देत नाही, एवढंच.

कारण याच अन्सारनं आयुष्यभर मोबाइलच्या खेळांना शिव्या घातल्या. आमचं त्यावरून कायम जुंपायचं.

"मास्तर, गेम तं आपल्या टाइमचे होते," तो म्हणायचा. "हारला का संपला. उठ, दुसऱ्याले बसू दे. ह्या मोबाइलच्या गेमले शेवटच नाई. मंग पोरगं उठन कवा?"

त्याचं म्हणणं मला कळायचं, कारण त्याच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्येच मी वाया गेलो होतो. मी देवीलाल, तांड्यावरचा, शिकायला बाभुळगावच्या वसतिगृहात. एसटी स्टँडमागे अन्सारचं टिनाचं शेड होतं. आत मोजकीच लाकडी मशीनं. एकात मोटरसायकली पळायच्या, एकात विमानं गोळ्या सोडायची, आणि एकात दोन गडी एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवायचे. खेळणारा एक आणि मागे उभे राहून अक्कल शिकवणारे दहा. त्या घामाच्या वासात, त्या कलकलाटात मी जेवढा सुखी होतो तेवढा पुढे नोकरी लागल्यावरही झालो नाही. खोटं कशाला सांगू?

तेव्हा अन्सार ऐन विशीत होता आणि मशीनचा राजा होता. त्याची एक रीत होती. शेजारच्या मशिदीत अजान झाली, किंवा गल्लीच्या तोंडाशी कुणाचा बाप चप्पल हातात घेऊन येताना दिसला, की अन्सार मशीनमागे हात घालायचा आणि प्लग काढायचा. काच एकदम काळी. "चला, सब्बन घरी!" असं तो ओरडायचा. आम्ही त्याच्या नावानं बोंबलत, हसत पळायचो. कुणी जिंकत असो की हरत असो, सगळं तिथंच पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी मशीनला काही आठवत नसे. म्हणून भांडण उरत नसे. प्लग काढणं हा मालकाचा हक्क आहे आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, हे त्या वयातच अन्सारच्या अंगात मुरलं.

माझा बाप डोंगरसिंग एकदा तांड्यावरून चालत आला आणि मला कान धरून तिथून घेऊन गेला. अन्सारच्या शेडला तो जुगाराचा अड्डा म्हणायचा. ही आठवण मी अन्सारला मुद्दाम काढून द्यायचो. म्हणायचो, "आमच्या बापांसाठी तुझं शेडच मोबाइल होतं लेका." त्यावर तो चिडायचा. म्हणायचा, "तुह्या बापानं तुले बाहेर काढलं तं तू निघाला ना? जीशान निघते का पाह्य."

जीशान म्हणजे त्याचा मुलगा. आयटीआय झालेला, हाताला चांगला, पण काम मिळेना म्हणून बापाच्या दुकानात बसायचा. बसायचा म्हणजे शरीरानं. बाकी सगळा त्या खेळात, ज्यात पोरं विमानातून उड्या मारतात आणि शेवटी एकच टोळी जिवंत राहते. त्याच्या टोळीत एक भोपाळचा, एक कोलकात्याचा आणि एक नांदेडचा असे भिडू होते. जीशान त्यांचा कप्तान. एकमेकांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती. अन्सार म्हणायचा, ज्याचं तोंड पाहिलं नाही तो कसला दोस्त?

हिवाळ्यातल्या एका रविवारी त्या टोळीचा कुठल्याशा स्पर्धेतला शेवटचा सामना होता. जीशाननं आदल्या दिवशी घरात सांगितलंही होतं, पण अन्सारच्या लेखी तो सांगण्याचा विषयच नव्हता. नेमका त्याच वेळी नेमसिंग नावाचा शेतकरी आपली दुरुस्त झालेली मोटर न्यायला टेम्पो घेऊन आला. अन्सारनं हाक मारली. आतून आवाज आला, "दो मिनट, अब्बा." पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. मग अन्सार आत गेला, कपाटामागे हात घातला आणि वायफायच्या डब्याचा प्लग काढला. रागात नाही. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. तो हसत होता. "चला, सब्बन घरी," असंही म्हणाला.

जीशान काचेकडे बघत राहिला. उठला, बाहेर आला, नेमसिंगसोबत मोटर उचलून टेम्पोत चढवली. नीट बांधली. मग सिमकार्ड काढून बापाच्या पुढ्यात ठेवलं, आणि त्याच टेम्पोत बसून निघून गेला. आम्हाला वाटलं, मोटर उतरवून येईल. नेमसिंगनं नंतर सांगितलं की पोरगं कळंबला उतरलं.

त्यानंतर आम्ही काय काय नाही पालथं घातलं? कळंबचा स्टँड, चिंतामणीच्या देवळाभोवतीची दुकानं, यवतमाळचे लॉज. फुलसावंगीला अन्सारची मुलगी गझाला दिलेली आहे, तिच्याकडेही गेलो. माझ्या मोटरसायकलवर मागे बसलेला अन्सार रस्त्यानं चालणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडे वाकून बघायचा. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, मनानं गेला, मनानं येईल. घरी जैबुनबी भाभी, म्हणजे अन्सारची बायको, रोज जीशानच्या वाटणीच्या भाकरी करत राहिली आणि रोज गाईला घालत राहिली.

मग आसिम आला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, जीशानचा वर्गमित्र. उभ्या उभ्याच म्हणाला, "चाचा, जीशान कुठी हाये मले नाई मालूम. पन रोज दुपारी तो गेममंदी येते. त्याच्या नावासमोर हिरवा ठिपका लागते."

त्यानं दाखवलं. खरंच होता, हिरवा ठिपका. भाभीनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. पोरगा जिवंत आहे याचा आमच्याकडे तेवढाच पुरावा होता.

"मले बोलू दे त्याच्यासंग," अन्सार म्हणाला.

"तुमचं नाव पाह्यलं का तो फोन बंद करन. दुसऱ्या नावानं या. पन ज्याले खेळता येत नाई त्याले तो संग घेत नाई चाचा, पयले शिका."

असा अन्सार खेळायला लागला. आसिमनं त्याला खातं काढून दिलं आणि नाव ठेवलं तूफान. हे तूफान विमानातून उडी मारलं की जवळच्या झाडामागे जाऊन बसायचं आणि तिथंच मरायचं. शाळा सुटली की मीही दुकानात जाऊन दुसऱ्या फोनवर खेळू लागलो, त्याला एकटं मरू द्यायला नको म्हणून. दोन चष्मेवाले गडी एकमेकांवर खेकसायचे, "अबे डावीकडं, डावीकडं!" एरवी पोट धरून हसलो असतो. पण मेला की अन्सार चष्मा पुसून लगेच पुन्हा उडी मारायचा, आणि ते बघून हसू यायचं नाही.

एकदा आमच्या टोळीत दोन अनोळखी पोरं आली. अन्सार गोळी लागून पडला. मी म्हटलं, झालं, संपला. पण पडलेला गडी रांगू शकतो, हे आम्हाला तोवर धड कळलंच नव्हतं. एक पोरगं गोळ्यांच्या माऱ्यातून पळत आलं, अन्सारपाशी गुडघ्यावर बसलं आणि त्याला उचलू लागलं. उचलायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ ते पोरगं तिथून हललं नाही. वर धापा टाकत विचारतं, "ठीक हो ना भाई?" कुठलं कोण, त्यालाच ठाऊक.

अन्सारनं फोन खाली ठेवला. डोळे भरून आले होते.

"देवीलाल, आपल्या मशीनमंदी पडलेल्याले उचलाचं बटनच नोयतं बे."

आसिम तेव्हा दुकानातच होता. मग त्यानं जे सांगितलं ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्या रविवारी नांदेडचा पोरगा गोळी लागून पडला होता. जीशान त्याला उचलत होता. तेवढ्यात जीशानचा गडी जागच्या जागी थिजला. दोघंही मेले, टोळी हरली. बाकीच्यांना वाटलं, कप्तान घाबरून पळाला. त्यांनी त्याला टोळीतून काढलं, आणि त्याआधी जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलून घेतलं. आमच्या मशीनला काही आठवत नसे. या नव्या खेळाला सगळं आठवतं.

"मले काय मालूम," अन्सार म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "मले काय मालूम बे." त्या दिवसानंतर जुने गेम चांगले की नवे, हा वाद त्यानं कधी काढला नाही. मीही नाही.

उन्हाळा लागता लागता तूफान बऱ्यापैकी खेळू लागलं. आसिमनं गेममधूनच जीशानला निरोप धाडला, माझा एक दोस्त आहे, मुका नाही पण माइक बिघडलाय, घे सोबत. आणि एका दुपारी जीशाननं घेतलं.

अन्सारनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. भाभीला आतून बोलावलं. आम्ही फोनभोवती बसलो आणि फोनमधून जीशानचा आवाज आला.

"भाई, तुम पीछेच रहो, आगे का मैं देखता."

भाभीनं पदर तोंडात धरला. पोराचा आवाज बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. तो अन्सारला सांगत होता, इकडं ये, खाली बस, हे औषध तू घे, मला नको. या परक्या, गचाळ खेळणाऱ्या भिडूला तो सांभाळून नेत होता. बापाशी तो इतकं कधी बोलला नव्हता आणि इतकं गोड तर नाहीच. अन्सार मान हलवून "हो, हो" करत होता, माइक बंद होता तरी. त्याच्या तोंडावर जे सुख होतं ते बघून मला धास्ती वाटायला लागली. मी खुणेनं सांगत होतो, आज नको, आज नुसतं खेळ, उद्या पुन्हा घेईल तो. अन्सारलाही ते पटलेलं दिसत होतं.

तेवढ्यात जीशान खोकला. खूप खोकला. खोकता खोकता म्हणाला, "रुको भाई, सुबह से कुछ खाया नहीं ना, तो ऐसा होता."

मी आई नाही, मला काय कळणार. पण त्या क्षणी कुणी तलवार रोखली असती तरी भाभी थांबली नसती. तिनं अन्सारच्या हातातला फोन ओढला, दिसेल ते दाबलं. माइक सुरू झाला.

"जीशान! बेटा, काय को नहीं खाया रे?"

जीशानचा गडी एका भिंतीआड उभा होता, तो तसाच उभा राहिला. गोळ्या वाजत होत्या. अन्सारनं फोन तोंडाशी नेला.

"जीशान, मैं हूँ. अब्बा. मेरे कू मालूम नहीं था बेटा, तू उस बच्चे को उठा रहा था. घर आजा. मैं प्लग को हात नहीं लगाता. सुन रहा ना?"

तो ऐकत होता. श्वास ऐकू येत होता. एकदा नाक ओढल्याचाही आवाज आला. मग नुसतं "अम्मी" असा शब्द आला, आणि त्याचा गडी नाहीसा झाला. ठिपका विझला.

दुसऱ्या दिवशी लागला नाही. पुढेही नाही. भाभी आणि अन्सार दोघंही आपापल्या ठिकाणी बसून त्या एका नावाकडे बघत होते. मग एका सकाळी नावच दिसेना. आसिमनं बरीच खटपट केली. शेवटी फोन पालथा ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "चाचा, त्यानं खातंच मिटवलं. इतक्या वर्षांचं खेळलेलं सप्पा गेलं. गेम सोडला त्यानं."

दोन वर्षं अन्सारनं याच एका गोष्टीसाठी नमाजेत दुवा मागितली होती, हे मला ठाऊक आहे. पोरानं गेम सोडावा. आता त्यानं आसिमचे दोन्ही दंड धरले आणि लहान लेकरासारखा त्याला गदागदा हलवू लागला.

"कुठी दिसला तं सांग त्याले," तो म्हणाला. "खेळ म्हणा बावा. दिवसभर खेळ म्हणा, रातभर खेळ म्हणा. मी हाक बी मारत नाई, रोज दुपारी नुसता गेममंदी येऊन बसतो. पन खेळ म्हणा त्याले."

आसिम हो म्हणाला. दुसरं तो तरी काय म्हणणार?