भिवंडीच्या भिशीतली डाळ

सिन्नरहून निघाले ती गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत गुडघे शेकायला. टपाल कचेरीत आयुष्यभर शिक्के मारून गुडघे का दुखावेत, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. वडपे आलं तसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांचे निळे पत्रे सुरू झाले आणि एसटी कंटेनरांच्या रांगेत जी अडकली, ती भिवंडी स्थानकात शिरेपर्यंत माझी गणेशपुरीची गाडी निघून गेली होती. पुढची दुपारी उशिरा. पोटात कावळे ओरडत होते. साधं, घरचं जेवण कुठे मिळेल म्हणून एका रिक्षावाल्याला विचारलं.

“टेमघरला कमळाबाईच्या भिशीत सोडतो,” तो म्हणाला.

आमच्याकडे भिशी म्हणजे बायकांनी महिन्याला पैसे घालून चिठ्ठी काढायची. मी त्याला ऐकवलं, “मला जेवायचंय, चिठ्ठी नाही काढायची.” तो हसत सुटला. इथे भिशी (यंत्रमागावरच्या कामगारांची महिन्याच्या बोलीवरची खानावळ) खायची असते, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

गल्लीभर मागांची खटखट चालू होती. भिशी म्हणजे एक लांबोळकी खोली, तीत चार बाकं आणि मांडणीवर घासून लख्ख केलेले स्टीलचे डबे. ऐन जेवणाच्या वेळी तीन बाकं रिकामी. कमळाबाई माझ्याच वयाच्या, नऊवारी घट्ट खोचलेल्या. त्यांनी तांदळाची भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. कालवण फार सुरेख होतं. मी डाळ मागितली.

“डाळ न्हाय,” त्या म्हणाल्या. “आठ दिस झाले, शिजवलीच न्हाय.”

चौथ्या बाकावर वहाबचाचा जेवत होते. कापड रंगवण्याच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. हकिगत त्यांनी सांगितली. कमळाबाईंनी डाळ धुताना हात पुसलेलं फडकं साबण लावून घासलं, तरी ते पिवळंच राहिलं.

“बाई, हलदीचा डाग असला तर साबुन लगते ही लाल होतो. ये तो वैसाच राहिला,” ते म्हणाले. “हा रंग मी वळखतो. हा कपड्याचा हाय, खाण्याचा न्हाय.”

ही गोष्ट त्यांनी आधी कमळाबाईंना सांगितली, दुसऱ्या दिवशी ती सगळ्या शिफ्टला ठाऊक झाली. माणसं दुसऱ्या भिशीत जेवायला गेली. ‘कमळाबाई रंग घालते’ एवढंच गल्लीत उरलं. बाकं अशीच रिकामी राहिली तर महिनाअखेर चूल विझवायची, हे कमळाबाई भाकरी थापता थापता मला सांगत होत्या.

“मग आता काय करणार?” मी विचारलं.

“काय म्हंजे? मीच सरकारात अर्ज केलाय. तपासा म्हटलं माझी डाळ. मॅडम येतायत आज.”

अन्न सुरक्षा अधिकारी खरोखरच आल्या. तिशीतल्या, खांद्याला जड पिशवी, घामाघूम. नमुना घेताना बाहेरचा साक्षीदार लागतो म्हणून त्यांनी दारात उभं राहून तिघाचौघांना हाक मारली. एकाला ड्युटी होती, एकाला नमाजाला जायचं होतं, बाकीच्यांना अचानक फोन आले. मी हात धुऊन म्हटलं, “मी सही करते. माझ्या सहीने लोकांची रजिस्टर पत्रं गेलीत.”

डब्यातली डाळ ज्या व्यापाऱ्याची, त्याच्याकडूनच आलेलं, मशीनने शिवलेलं डाळीचं एक न उघडलेलं पोतं कोपऱ्यात होतं. मॅडमनी ते पाहून सुटकेचा श्वास सोडला. “यातूनच घेते. शिवण शाबूत आहे, लेबल आहे, तुमच्याकडे पावती आहे. म्हणजे जबाब व्यापाऱ्याला द्यावा लागेल.”

“आन् डब्यातली?”

“ती तुम्ही ओतून ठेवलीय. आधीच्या पोत्याचं लेबल कुठाय?”

कमळाबाईंनी चुलीकडे बोट केलं. पोतं आलं की ते फोडायचं, डाळ पाखडून चकचकीत डब्यात भरायची आणि गोणपाट चुलीत घालायचं, ही त्यांची टापटीप. त्या टापटिपीनेच पुरावा जाळला होता. मला फार वाईट वाटलं, कारण मीही घरी असंच करते.

“डब्यातला नमुना नापास झाला तर नोटीस तुमच्या नावाने निघेल,” मॅडमनी समजावलं. “तक्रार तुमचीच आहे. पोत्यातला घेतला तरी काम भागतं.”

कमळाबाईंनी मांडणीवरचा डबा उतरवला आणि बाकावर ठेवला. “पोरांनी खाल्ली ती ह्या डब्यातली. पोत्यातली कोनी खाल्ली? दोनी घ्या.”

मग दोन्ही घेतले. प्रत्येक नमुन्याचे चार भाग, चार कोरड्या बाटल्या, वर जाड कागद, दोरा, लाख. लाख वितळवायची मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद केला आणि आम्ही सगळे भिजून निघालो. पहिली गाठ मॅडमनी सैल मारली. मी ती सोडून पुन्हा बांधली, त्यात लाखेचा थेंब बोटावर घेतला. कमळाबाईंनी सही करायची होती ती अशी, की अर्धी बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आणि अर्धी खालच्या जाड कागदावर पडेल, म्हणजे चिठ्ठी बदलली तर सही जुळत नाही. आठ बाटल्यांवर त्यांनी सावकाश, जीभ दातांत धरून आठ सह्या केल्या. एकदाही हात थांबला नाही. बाटल्या भरताना माझ्या घामट हातांना डाळीची पूड लागली होती, ती मी रुमालाला पुसली.

दुपारची गाडीही चुकली. संध्याकाळी गणेशपुरीला पोहोचले, दुसऱ्या दिवशी कुंडात पाय सोडून बसले. भाताची खाचरं हिरवीगार होती, गुडघ्यांना बरंही वाटलं. पण शेजारची बाई प्रसादाच्या वरणाचं कौतुक करू लागली आणि मी तिला नको इतके प्रश्न विचारले.

सिन्नरला परतल्यावर तो रुमाल साबणाने धुतला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ब्रशने. पिवळा डाग लाल झाला नाही.

काही दिवसांनी कमळाबाईंचा फोन आला. पोत्यातली डाळ नापास, डब्यातलीही नापास. एक नोटीस व्यापाऱ्याला, एक त्यांना.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“अहवाल भितीवर चिकटवलाय, दोनी. माझं नाव हाय त्यो वरती.” पलीकडून मागांची खटखट ऐकू येत होती आणि तिच्यात ताटांचा आवाजही होता. “येक बाक भरलंय. वहाबचाचा वाचून दावतात समद्यांना. सुनावणीला साक्षीदार लागंल म्हंतात. तुमी याल न्हय?”

गुडघे तसेच दुखत होते. मी म्हटलं, “येते. रुमाल घेऊन येते.”