कधी चालू, कधी बंद

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास, किल्ली फिरवताच आलेला एकच कोरडा ‘टक्’, आणि त्यामागून पसरलेली ती निश्चल शांतता! जुनी गाडी ज्यांच्या दारात उभी असते, त्यांना ही शांतता वेगळी सांगायला नको. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, काटे हलत नाहीत; आणि घटकाभराने पुन्हा किल्ली लावावी, तर तीच गाडी काही घडलंच नाही अशा थाटात गुरगुरत उठते.

कायमच्या बिघाडात निदान एक सभ्यता असते. तो सगळ्यांना दिसतो. पण जो कधी असतो आणि कधी नसतो, तो सिद्ध कसा करायचा? आमच्या अप्पांवर तीच वेळ आली होती. अप्पा म्हणजे माझे वडील; ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही गाडी त्यांच्याकडे आहे. हर्सूलहून गंगापूरच्या शेतावर ते तीच घेऊन जातात. या उन्हाळ्यात ती त्यांना वाटेत दगा देऊ लागली. एकदा तर ती रस्त्याकडेला सोडून ते प्रवाशांनी भरलेल्या जीपमधून घरी परतले. दुसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ गेला, तर किल्लीच्या पहिल्याच फेऱ्यात सुरू! इलेक्ट्रिशियनने बॅटरी बदलली, फ्यूज तपासले आणि हात झटकले. “चाचा, गाडी में कुछ नै है.”

गाडीत काही नाही, मग कुणात आहे? हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही. दादाने मात्र मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

“माझं डोकं जाग्यावर हाय,” एवढंच अप्पा म्हणाले. मला दादाचा संताप आला. पण त्या रस्त्यावरून धावणारे उसाचे ट्रक आठवले की त्याची भीती खोटी आहे, असंही म्हणवेना.

रविवारी सकाळी मी किल्ली मागून घेतली. काम साधं होतं: दिवे लावून ठेवायचे आणि एकेक वायर हलवून पाहायची. मी स्टिअरिंगशी बसले, अप्पा उघड्या बॉनेटमध्ये वाकले, दादा हाताची घडी घालून दारात उभा राहिला. पोर्चच्या सावलीत, समोरच्या भिंतीवर दिव्यांचा पिवळा उजेड पडला होता. वायरी हलत होत्या, उजेड ढिम्म!

शेवटी बॅटरीशेजारचा कोपरा उरला. बॅटरीची अर्थिंगची वायर तिथे एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला जोडलेली आहे. दर दसऱ्याला अप्पा बॉनेट उघडून तिथेच हळदकुंकू वाहतात, फुलं ठेवतात आणि फोडलेल्या नारळाचं पाणी भक्तिभावाने ओततात. वर्षानुवर्षांच्या थरांनी त्या बोल्टाचा देव झाला होता. इलेक्ट्रिशियननेही बाकी सगळं पुसलं होतं आणि तो कोपरा तेवढा सोडला होता. कुणाच्या पूजेच्या जागी पाना कोण लावणार?

अप्पांनी आधी हात जोडले, मग वायर हलवली. भिंतीवरचा उजेड गेला. पुन्हा हलवली, आला.

“गेला! आरं बघ, गेला का नाय?” अप्पा ओरडले. गाडी बंद पडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माझे तर डोळेच भरून आले.

कुंकवाचा थर खरवडला, तर खाली नुसता गंज; त्यातून वीज कधी पोचायची, कधी नाही. आम्ही बोल्ट पॉलिश पेपरने घासून लख्ख केला आणि घट्ट आवळला. जिथे आपण सर्वांत जास्त माया ओततो, तिथेच नीट पाहायचं का बरं राहून जातं? अप्पांचं गाडीच्या बाबतीत झालं, दादाचं अप्पांच्या बाबतीत.

दादा खाली मान घालून जवळ आला. “अप्पा, उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करतो.”

अप्पांनी फडक्याला हात पुसले. “कशाला? वय झालंय, दाखवू की. पन गाडी मी चालवनार.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे निघताना दादा मुकाट्याने त्यांच्या शेजारच्या सीटवर बसला.