गाडीतली विळी

या, जरा जवळ सरकून बसा. आणि 'गाडीतली विळी' म्हटल्यावर ते हसणं आधी थांबवा बरं. मीही पूर्वी हसायचे, आता नाही हसवत.

"थांबा हं, गाडीतून आणते." परदेशातल्या ट्रॉय गावातल्या आमच्या शेजारणीचं हे ठरलेलं वाक्य. लिंबू कापायला सुरी मागा, दोरा तोडायला कात्री मागा, ही कोट चढवून गराजकडे निघालीच. मूळची नागपूरची, नोकरी चांगली, बोलणं गोड. पण बायका म्हणायच्या, "हिचं स्वयंपाकघर डिकीत आहे."

संक्रांतीला माझ्या सुनेनं हळदीकुंकू केलं. बाकीच्यांना वाण म्हणून चमचे दिले. हिला मात्र मी सांगलीहून आणलेली विळी दिली, चांगली खवणीवाली. वाटलं, बाई हरखून जाईल. तर तिचा चेहरा पांढराफटक! वाणाला नाही कसं म्हणणार? घेतली, आणि "थांबा हं, गाडीत ठेवून येते," म्हणून तश्शी बर्फातून घरी गेली.

"झालं, विळीपण डिकीत!" कुणीतरी म्हणालं. काय हसलो हो सगळ्या.

तिळगुळाचा डबा ती विसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी तो द्यायला गेले, तर गराज उघडं आणि बाई कोट-टोपी घालून डिकीपाशी उभी. कोबी चिरत होती. शेजारी कुलपाची पेटी उघडी. आत सुऱ्या, कात्र्या, नवऱ्याचं दाढीचं सामान, गोळ्यांच्या बाटल्या. आणि माझी विळी, टॉवेलात गुंडाळलेली.

"अगं, हे काय मांडलंयस? एवढ्या थंडीत?"

तेवढ्यात आतल्या दारात तिची मुलगी आली. पंधरा वर्षांची पोर, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. म्हणाली, "आजी, डोन्ट बी मॅड अ‍ॅट मॉम. इट्स बिकॉज ऑफ मी."

आधी कळेना. मग कळलं, आणि माझ्या हातातला डबा खाली पडला. तिळगूळ गराजभर. ही पोर गणपतीत स्टेजवर नाचलेली हो! ही स्वतःच्या जिवावर उठते?

मुलगी आत गेल्यावर आई खाली बसून तिळगूळ वेचायला लागली. हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, घरात असलं काही ठेवू नका. मी ऑफिसला जाते तेव्हा हे सगळं माझ्याबरोबर जातं."

"आणि बायका तुला हसतात ते?"

"हसू द्या ना काकू. मला हसतात तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर दोन घरांची भाजी चिरायला लागले. डबा न्यायला मुलगीच यायची. कधी बसायची, मटार सोलायची. कधी आईच यायची, तेव्हा मी तोंडाकडे बघून समजायचे की आज दिवस वाईट आहे.

पुढे ते लोक दूर, चँडलर नावाच्या गावाला राहायला गेले. निघताना विळी घेऊन आली. "काकू, सध्या तुमच्याकडे राहू दे. तिला बरं वाटलं की मीच न्यायला येईन."

फोन येतो तिचा. औषध बदललंय म्हणते, शाळा परत सुरू केलीय म्हणते. विळीचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पात्याला तेलाचा हात मात्र लावते.

बाई गं, लवकर ये. पोरीलाही आण. आणि जाताना तुझी विळी घेऊन जा.