थेंबावरची केळी बघायला दोंडाईच्याकडं

सरकारी जीप होती, तर तिच्यात बसून का नाही गेलो? कारण फुकटच्या जीपमधे बसलं की त्यांनी दाखवलं तेवढंच बघावं लागतं. ते म्हणतील तिथं उतरायचं, म्हणतील तिथं फोटोला उभं राहायचं, आणि दुपारी पोटभर जेवू घातलं की माणसाचं तोंड बंद. आमच्या गावचे सहा जण तसेच जाऊन आले. काय पाहिलं विचारलं तर म्हणे श्रीखंड झकास होतं. मला श्रीखंड बघायचं नव्हतं.

गोष्ट जुनी आहे. केळीला ठिबक तेव्हा नवंनवं आलं होतं. आमची बाग सावद्याजवळ, विहिरीवर. बापाच्या वेळेला वाकून बघितलं की विहिरीत तोंड दिसायचं. माझ्या हयातीत ती दोनदा खोल केली, पंप खाली खाली उतरवत नेला, तरी माघ सरला की पंप हवा ओढायला लागायचा. पुढच्या दोन उन्हाळ्यांत बाग बसणार हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून कुणाच्याही कागदावर सही करणार नव्हतो.

धाकटा भाऊ वसंता कागद घेऊन आला. सरकार अनुदान देतंय, काळ्या नळ्या अंथरायच्या, झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी, निम्म्या पाण्यात बाग. उताऱ्यावर नाव दोघांचं, म्हणून सही दोघांची पाहिजे.

मी सरकारचं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं म्हणूनच शहाणा झालो. आधी म्हणाले गोबरगॅस बांधा. बांधला. आता त्या खड्ड्यावर शेळ्या बांधतो. मग म्हणाले बांधावर निलगिरी लावा, पैसाच पैसा. लावली. तिनं शेजाऱ्याची ज्वारी खाल्ली आणि शेजारी अजून माझ्याशी बोलत नाही. आणि आता हेच म्हणतात पाणी वाचवा. वीज मात्र हॉर्सपॉवरवर, पंप तास चालवा की दिवस, बिल तेवढंच. एका हातानं नळ उघडायचा आणि दुसऱ्या हातानं बंद कर म्हणून सांगायचं, यातलं खरं कोणतं धरायचं?

वसंता म्हणाला, "भाऊ, दोंडाईच्याकडं नमुन्याची बाग आहे. बघून या. मग नाही म्हणा."

म्हटलं, जातो. पण माझा मी.

सावद्याहून एसटीनं फैजपूरवरून भुसावळ. एसटीत मागं बसू नका. तेव्हाही रस्ता कंबर मोडायचा, आणि आता म्हणतात चांगला झालाय, मला खात्री नाही. तापीचा पूल आला की दोन्ही बाजूला केळीच केळी, पण बघायला थांबू नका, भुसावळहून सुरतेकडं जाणारी पॅसेंजर सुटते. तिकीट स्वस्त, सुटे पैसे मात्र जवळ ठेवा. खिडकीवरच्या माणसाकडं ते कधी नसतात.

बायकोनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत बांधून दिलं होतं. धरणगाव गेल्यावर सोडलं. भरताचा वास डब्यात फिरला तसे दोघं समोर सरकले, धरणगावलाच चढलेले. त्यांना द्यावंच लागलं. खाता खाता त्यांचं चाललं होतं. त्यांच्या गावाच्या पडीक जमिनीवर सरकारनं रोपं लावली होती.

"सरकारनी झाडं दिधात, पानी कोन दी?" एक म्हणाला.

"पानीना कागद पुढला साले ई," दुसऱ्यानं पाणी पुढच्या वर्षावर ढकललं आणि माझी तिसरी पुरी उचलली.

अमळनेरनंतर जमीन बदलते. आमच्याकडली हिरवी भिंत सरते आणि नुसतं उघडं रान लागतं, कापसाच्या वाळक्या पळकाट्या, बाभळी, लांब लांबपर्यंत काही नाही. नरडाणा, शिंदखेडा करत गाडी दुपार कलंडल्यावर दोंडाईच्याला पोचली. थंडीत गेलात तर स्टेशनाबाहेर मिरची वाळत घातलेली दिसेल, शेतंच्या शेतं लाल. रुमाल नाकाला लावा. मी लावला नाही आणि चहाच्या टपरीपर्यंत शिंकत गेलो.

टपरीवाल्याला विचारलं, ठिबकची बाग कुठंशी. म्हणाला, "पाटी लावेल शे ना, ती?" सगळ्यांना पाटी माहीत. बाग कशी आहे, ते एकालाही माहीत नाही. मला तिथंच संशयाचा वास आला.

टेम्पोनं तापीच्या अंगाला गेलो. मिरचीच्या पोत्यांवर बसून. त्याचे पैसे घेतले वर.

पाटी होती. रंगवलेली, तीन माणसांएवढी रुंद, तिच्यावर योजनेचं नाव, खाली शेतकऱ्याचं नाव. त्याला इथं हिलालभाऊ म्हणू. पन्नाशीचा, हडकुळा, हात जोडून पुढं आला. मी साहेब नाही हे बघून हात सोडले. कुठला म्हणून विचारलं. सावद्याकडचा म्हटल्यावर घोंगडी अंथरली. केळीतला माणूस केळीतल्या माणसाला उपाशी पाठवत नाही, एवढं त्या मुलखाबद्दल मी खात्रीनं सांगेन. त्याच्या बायकोनं शेवभाजी आणि भाकरी वाढली. भाजी अशी तिखट की कानातून पाणी यावं. तिला गावात सगळे अक्का म्हणत. मीही अक्काच म्हटलं. बाई बोलायला कमी, बघायला जास्त.

बाग त्यानं पुढनं दाखवली, पाटीच्या बाजूनं. घड दणदणीत, झाडं एका उंचीची, काळ्या नळ्या सरळ. साहेब इथंच उभे राहतात, फोटो काढतात, म्हणाला. मी म्हटलं उद्या बघू, अंधार पडतोय.

पहाटे उठून एकटा बागेत शिरलो. चप्पल बाहेर काढून. आमच्याकडं केळीवाला बाग बघतो ती पायानं. घड काय, घडाला खत घातलं की तो खोटं बोलतो. जमिनीला खोटं बोलता येत नाही. ठिबकच्या झाडाच्या बुडाशी ताटाएवढी ओल असते आणि मधली जागा कोरडी भुसभुशीत राहते, एवढं मला ऐकून माहीत होतं. आणि माझ्या टाचेखाली कुरकुर वाजलं. वाकून बघितलं तर दोन ओळींच्या मधे जमिनीवर पापडी. पाणी भरभरून सोडलं, बसलं, सुकलं, की माती अशी पापडासारखी सालटं सोडते. थेंबानं पापडी येत नाही.

पुढं गेलो. ओळीच्या टोकाला वाळलेल्या पानांचा ढीग लांबच लांब पसरलेला. पायानं बाजूला सारला. खाली पाट. चांगला हातभर खोल, लिपलेला, ओला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, धरलं. गोबरगॅस, निलगिरी आणि आता हे. वसंताला जाऊन काय सांगायचं ते मी तिथंच मनात म्हणून बघितलं.

मागं हिलालभाऊ उभा. त्यानं ढीग बघितला, मला बघितलं, आणि खाली बसला.

"नाना, थेंबवर केय जगस का? तुम्हीच सांगा," म्हणाला. सरकारनं नळ्या दिल्या, पाटी दिली, साहेब आले, हार घातला. आणि मग पंधरा दिवस तो त्या ताटाएवढ्या ओलीकडं बघत बसला. एवढं मोठं झाड आणि एवढंसं पाणी. जेवण जाईना. बापानं, आज्यानं पाटानं पाणी दिलेलं. सोळाव्या दिवशी त्यानं फावडं घेतलं आणि जुना पाट उघडला.

अक्का शेण घेऊन चालली होती. न थांबता म्हणाली, "साहेब उना का पाटवर पाला, साहेब गया का पाटमा पानी."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं की मला हसू आलं. पण तो हसला नाही. कळलं तर अनुदानाचा उरलेला भाग जाईल, पाटी जाईल, आणि हार घालताना टाळ्या वाजवणारं गाव तोंडावर हसेल. नळ्यांची आपल्या वाट्याची रक्कम त्यानं आधीच भरली होती.

मी निघायलाच लागलो होतो. पण मला अर्ध्यावर सोडवत नाही. म्हटलं, आलोच आहे तर शेवटपर्यंत जातो. बागेच्या मागच्या अंगाला जमीन चढते, टेकाड म्हणा. तिथं आठ-दहा ओळी. तिथं पापडी नाही. टाचेखाली माती भुसभुशीत. पाट पण नाही, कारण पाटाचं पाणी टेकाडावर चढत नाही, कितीही ओरडा.

म्हणजे या ओळी नुसत्या थेंबावर होत्या. पहिल्या दिवसापासून.

घड बघितले. विश्वास बसला नाही म्हणून वितीनं मोजले, खालचे आणि वरचे. वरचे तसूभर कमी नाहीत. म्हटलं, वरची माती चांगली असेल. हिलालभाऊचं फावडं मागून घेतलं आणि दोन्हीकडं खणलं. वरची माती उलट हलकी, मुरूम लागलेली. मुळं मात्र पांढरी, बोटाएवढी, ओलीभोवती गच्च जमलेली. खालच्या पाटाच्या झाडाची मुळं काळपट, दोन-चार कुजकी. आमच्या बागेत तशीच असतात. पाणी जास्त झालं की तसंच होतं, आणि आम्ही म्हणतो पाणी कमी पडलं, अजून सोडा.

हिलालभाऊला म्हटलं, "या ओळी कधी नीट बघितल्या का?"

तो म्हणाला, तिकडं पाणी पोचत नाही म्हणून ती जागा त्यानं सोडूनच दिली होती. मेली तर मेली. इतके महिने तिकडं फिरकला नव्हता.

साहेब पाटीपुढं गेले नाहीत आणि हा पाटापुढं गेला नाही. बागेच्या मागं काय झालं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यानं दोन्ही मुळं हातात घेऊन बोटानं चोळून बघितली. मग म्हणाला, "साहेबले सांगशात का?"

मी म्हटलं, मला गाडी गाठायचीय.

परतीला दोंडाईच्याहून पाव शेर मिरची घेतली. घ्याल तर हातात मोडून बघा, वरची चांगली आणि खालची ओली देतात. पॅसेंजर दोन तास उशिरा. भुसावळला शेवटची एसटी मिळाली, सावद्यापर्यंत उभ्यानं.

दुसऱ्या दिवशी वसंता कागद घेऊन हजर. मी त्याला बागेत नेलं, टाच मारून पापडी दाखवली, एक झाड उपटून काळी मुळं दाखवली. म्हटलं, सही करतो, पण नळ्या येतील त्या दिवशी पाट बुजवायचा. सगळा. विहिरीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

तो म्हणाला, "पाट राहू द्या ना भाऊ. नळीबिळी तुंबली तर असू द्यावा."

म्हटलं, नाही. पाट राहिला तर सोळाव्या दिवशी मीच उघडेन. मला माझा हात माहीत आहे.

सही केली. पाट बुजवला, फावड्यानं, मी स्वतः, आणि त्या रात्री जेवलो नाही. सोळावा दिवस आला तेव्हा बागेकडं गेलोच नाही, फैजपूरच्या बाजारात बसून राहिलो. बाग बसली नाही. विहीर वर आली असंही म्हणत नाही, खाली जायची जरा थांबली. सरकारवर विश्वास बसला का, तर नाही. टेकाडावर बसला.

पुढं साहेब आमच्याकडं आले. तुम्ही नमुन्याची बाग बघून आलात म्हणे, सांगा की चार लोकांना काय पाहिलं. मी म्हटलं, बाग चांगली आहे, मागच्या बाजूनं बघत जा. ते म्हणाले, मागच्या बाजूला काय आहे? मी म्हटलं, केळी.

आता तुम्ही जायचं म्हणत असाल तर रस्ता सांगितला, गाडी सांगितली, मिरची सांगितली. पाल्याखालचा पाट साहेबाला सांगितला नाही, आणि गावाचं नाव, त्या माणसाचं खरं नाव तुम्हालाही सांगणार नाही. पुन्हा विचारू नका.