साडभाऊंची डावीकडे ओढणारी सायकल

आमच्या साडभाऊंच्या, म्हणजे साडूंच्या, हाती देव लागला असता, तर त्यांनी त्यालाही दोन नवे हात बसवले असते आणि जुने पोत्यात भरून माळ्यावर ठेवले असते. जुनी वस्तू टाकायची नाही आणि जशीच्या तशी ठेवायचीही नाही, हा त्यांचा धर्म. अकोल्याच्या त्यांच्या घरात आजोबांचा कंदील रिमोटने लागतो. ताक घुसळायच्या रवीला त्यांनी एकदा मिक्सरची मोटार जोडली होती. ते ताक भिंतीने प्यायलं आणि उरलेलं शेजाऱ्यांच्या मांजराने. "हातात पाना घेऊन माह्याकडं पाहतात नं, तवा मले भेव वाटते," असं आमच्या मोठ्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

पण त्यांचा खरा जीव होता तो सायकलीत. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात पातूरच्या आमच्या सासऱ्यांनी, मामाजींनी, त्यांना वाण म्हणून गेअरची सायकल दिली होती. जाड टायरांची, सरळ हँडलची, रंग असा जांभळा-पोपटी की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. मी धाकटा जावई. माझ्या वेळेपर्यंत मामाजींचा उत्साह चांदीच्या निरांजनावर आला होता. ते निरांजन कपाटात सुखाने नांदतंय. सायकल मात्र नोकरी, बदल्या आणि स्कूटर यांच्या गर्दीत मागे पडली आणि पुढे साडभाऊंच्या परसात तिच्या हँडलवर कांद्याच्या वेण्या वाळू लागल्या. मामाजी फोनवर दर वेळी विचारायचे, "सायकल चालू हाय नं, जवाईबापू?" आणि साडभाऊ कांद्यांकडे पाहत म्हणायचे, "एकदम चालू हाय, मामाजी."

मग मामाजी पडले आणि खाटेला खिळले. गुडघा बरा झाला, पण मनाने घेतलं की आता उठायचं नाही. अधिक महिना जवळ आला तसा त्यांचा निरोप आला, "यंदा सायकलवरच या. एकदा पाहाची हाय मले." साडभाऊंनी त्याच दिवशी कांदे उतरवले. स्वतःचंही वय झालेलं, पातूरपर्यंतचा रस्ता काही थोडका नाही, तेव्हा सायकल नुसती चालती करून भागणार नव्हतं, ती आजची करायला हवी होती. सामान मिळायचं अमरावतीच्या दुकानात, आणि आमचं घर त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून मुक्काम अर्थातच माझ्याकडे. एकदा ते एस.टी.त पुढचं चाक मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, "काका, बाकीची सायकल कुठं हाय?" हे म्हणाले, "थे घरी हाय. हिले डाक्टरले दाखवाले नेऊन राह्यलो."

पुढच्या तीन दातेरी चकत्या गेल्या, एकच आली. मागे मात्र जेवणाच्या ताटाएवढी चकती बसली. डिस्क ब्रेक हौसेने आणले, तर जुन्या सांगाड्यावर ते अडकवायला जागाच नाही. परत गेले, दुसरे आले. पुढचं चाक धरणारा चिमटा स्प्रिंगचा झाला. पहिल्या फेरीत साडभाऊंनी नव्या ब्रेकवर जुन्या सवयीने सगळा जीव लावला. सायकल जागच्या जागी थांबली, साडभाऊ तेवढे पुढे गेले आणि भाजीवालीच्या मेथीत उतरले. ती बाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, भाजी पाहाले इतकं वाकाव लागत नाही." दुकानदाराने हात जोडून सांगितलं की काका, नवीनच घ्या. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "नवी घेतली तं थे माही होईन. मामाजीची नाही राह्यत."

एकच खोड काही केल्या जाईना. सायकल डावीकडे ओढायची. चाक बदललं, चिमटा बदलला, हँडल बदललं. जित्याची खोड, ती जाते कशाला! आणि जाण्याच्या आदल्या दिवशी साडभाऊंचा धीर सुटला. सांगाडा सोडला तर जुनं काहीच उरलं नव्हतं. "मामाजी म्हनले का हे माही सायकलच नाही, तं मी काय करू, साडभाऊ?" मला हसू आवरेना, पण त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटी पुरावा म्हणून जुन्या भागांचं अख्खं पोतं माझ्या स्कूटरवर चढलं. पुढे साडभाऊ, मागे खडखडत मी, असे आम्ही दोघे जावई पातूरला पोचलो.

मामाजींनी खाटेवरून सायकल बराच वेळ न्याहाळली. साडभाऊंनी मला पोतं उघडायची खूण केली. तेवढ्यात मामाजींनी पाय खाली सोडले, काठी न घेता उठले, एक हात हँडलवर, एक सीटवर ठेवला आणि सायकल ढकलत अंगणात चालू लागले. चार पावलं गेले आणि हसले. "हेच हाय. डावीकडं वढते अजून."

"तुमाले कसं मालूम?" साडभाऊंनी विचारलं.

"अकोल्याहून आनली तवा मोटरवाल्यानं टपावर घेतली नाही. पायी आनली म्या, अशीच धरून. सारा रस्ता डावीकडं वढे."

"बसून काहून नाही आले?"

"जवायाच्या वानावर आधी आपन बसाव काय?"

पोतं कोणी उघडलंच नाही. मामाजींनी अंगणाला आणखी एक फेरी मारली, आणि मी व साडभाऊ दोघेही रुमाल डोळ्यांना लावून उभे होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या थंडीत मामाजी गेले. साडभाऊ अजूनही अधूनमधून सायकलवर पातूरला जातात आणि मला स्कूटर घेऊन मागे यावं लागतं. गाव लागलं की ते उतरतात आणि घरापर्यंत सायकल हाताने धरून चालत जातात. मग मलाही स्कूटर ढकलावी लागते. परवा अमरावतीच्या दुकानदाराने मोठ्या उत्साहाने सांगितलं की काका, सांगाडा सरळ करून देणारा माणूस सापडला, ओढणं कायमचं जाईल. आयुष्यात पहिल्यांदा साडभाऊंनी सुधारणेला नाही म्हटलं. "राहू दे," ते हँडलवरून हात फिरवत म्हणाले, "तेवढी खोड मामाजीची हाय."